तानुबाईच्या अंगणातली मेख

सकाळचे पावणेसात. काशीनाथ मास्तर तानुबाईच्या अंगणात उकिडवे बसून पोलादी फीत ताणत होते. फितीचं एक टोक अंगणातल्या लोखंडी मेखेला, दुसरं भेगेपलीकडे शाळेच्या भिंतीलगतच्या मेखेला.

१९४३ चा आश्विन. सोनपेठजवळच्या या गावात दीड वर्षापूर्वी भुईला हादरा बसला आणि ही भेग पडली. ती रुंदावत राहिली तर भिंत तिसरीच्या मुलांवर येणार, म्हणून मास्तरांनी शाळा हलवण्याचा अर्ज केला होता. मोजणीदार व्यंकटरावांनी मेखा ठोकून दिल्या आणि अट घातली: काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळतेच, पावसाळ्यातही अंतर वाढलं तरच जमीन सरकते आहे असं धरू.

महिन्यातून एका शुक्रवारी, संस्थानातल्या आठवडी सुट्टीच्या दिवशी, मास्तर मोजत. श्रावणापर्यंत अंतर वाढत गेलं. भादव्यात एकदम अर्धा इंच घटलं. व्यंकटरावांनी स्वतः येऊन मोजलं, 'भेग मिटली' असा शेरा मारला. प्रकरण दाखिलदफ्तर होऊन बंद झालं.

आज अंतर पुन्हा सूतभर वाढलेलं होतं.

तानुबाई शेणाची पाटी घेऊन आली. "आजून मोजायलाव का मास्तर? मिटलं म्हनं की."

"मिटलं तर वाढलं कसं?"

"मेख ढिली झाली आसंल. महालक्ष्म्याला काढली व्हती मी."

"काढली?"

"तर! लक्षुमीची पावलं काढायची अन् वाटंत लोखंड? ठेचाळत येईल व्हय ती? बोळवण झाली की ठोकली, त्याच भोकात."

"मला सांगायचं नाही?"

"तुमच्या पार्वतीबाईनंच तर पावलं काढून दिली. मला वाटलं, घरात बोलनं झालं आसंल."

मास्तरांनी फीत गुंडाळली. ओल्या मातीत मेख शाळेच्या अंगाला कलली होती. भादव्यातला अर्धा इंच तिथेच घटला होता.

दुपारी ते सोनपेठला व्यंकटरावांच्या घरी गेले. व्यंकटराव पान लावत होते.

"मेख एकदा उपटली, हे तुम्हीच सांगताय. मग श्रावणातली वाढ तरी खरी कशावरून? बैल बांधला असेल कुणी. आता पुढचा पावसाळा बघू."

"तोवर तिसरीचा वर्ग झाडाखाली भरवू?"

"भेग मिटल्याचा शेरा आहे, मास्तर. कारण काय लिहू?"

शाळेला खोली एकच. परतल्यावर मास्तरांनी तिसरीची बस्करं भिंतीपासून हातभर ओढली. पुढे दुसरीच्या मुलांची रांग लागते. त्याहून जास्त ओढता येत नाहीत.

उद्या शनिवार. शाळा साडेसातला भरेल.