चाक आडवं सरकत नाही

आमच्या दिग्रसच्या कॉलेजातल्या ग्रंथपाल बाई व्हीलचेअरवर असतात. खुर्चीला कोणी हात लावला, की त्या पट्टी उगारतात.

नव्या प्राचार्यांनी त्यांना दारापाशी बसून नुसते शिक्के मारायला सांगितलं. "आतल्या कपाटाशी तुमची खुर्ची लागणार नाही. जागा अरुंद आहे, आणि चाक आडवं सरकत नाही."

बाई म्हणाल्या, "कॉलेजचं सरकतं गेट रूळ सोडून जात नाही, सर. मी काय गेट हाय?"

मग आमच्यादेखत त्या खुर्ची जरा पुढे, जरा तिरपी मागे, पुन्हा पुढे घेत राहिल्या. मी मदतीला वाकलो आणि पट्टी खाल्ली. चाक आडवं सरकत नसलं, तरी कुठेही पोचतं, हे गणिताच्या तासाला फळ्यावर मीच शिकवतो!

नवव्या खेपेला खुर्ची कपाटाला चिकटली.

"आता बोला सर, कोनतं पुस्तक पायजे?"