हैबतरावांचं फुकट चार्जिंग

रोह्याच्या एसटी स्टँडवर हैबतराव कडूंचं नाव काढा, चहावाला चहा ओतता ओतता दोन गोष्टी सांगेल. एक, या डायवरनं एकतीस वर्षांत एकही गाडी रस्त्यात बंद पाडली नाही. दुसरी, दहा लिटर डिझेलमध्ये कुणाची गाडी किती धावली ते आगारातल्या फळ्यावर लिहितात ना, त्यात यांचं नाव पहिल्या तिघांतून कधी खाली उतरलं नाही. तिसरी गोष्ट मात्र चहावाला सांगणार नाही, कारण ती कुणाच्या ध्यानातच आली नव्हती, खुद्द हैबतरावांच्याही नाही. सगळी हयात गाडीवर काढलेल्या या माणसानं तेलासाठी स्वतःच्या खिशात कधी हात घातला नव्हता. संध्याकाळी गाडी आगारात लावायची, कागदावर सही ठोकायची, सकाळी टाकी भरलेली. कोण भरतो, कशानं भरतो, हे डायवरनं विचारायचं नसतं.

मुलानं, नितेशनं, हप्त्यावर इलेक्ट्रिक गाडी घेतली. तो धाटावच्या कंपनीत शिफ्टला, त्यामुळे गाडी आपसूकच रिटायर बापाच्या हातात आली. घर गल्लीत आत, गाडीपर्यंत वायर पोचत नाही. म्हणून चार्जिंगला कोलाडला जायचं, हायवेवरच्या हॉटेलात. तिथं मोठं मशीन आहे, तासाभरात गाडी भरून देतं. पहिल्यांदा सून समीक्षा सोबत गेली होती. मोबाइलवर काय काय दाबलं आणि म्हणाली, "मामा, आता हे मशीन आपल्या गाडीला ओळखतं. तुम्ही नुसती ही वायरची गन गाडीला लावायची. बाकी आपोआप होतं."

तिनं एवढंच सांगितलं. बाकीचं हैबतरावांनी स्वतःच समजून घेतलं, की कंपनीनं गाडीबरोबर चार्जिंग देऊन टाकलंय. एसटीत मुरलेल्या माणसाला यात काही चुकीचं वाटेना. गाडी ज्याची, तेल त्याचं!

मग काय विचारता. आठवड्यातून दोनदा गाडी बाहेर. आज पाली, परवा मुरुड, पुढच्या सोमवारी हरिहरेश्वर. मागच्या सीटवर आगारातले दोन जुने सोबती आणि शेजारी दाजी. हे दाजी म्हणजे अठरा वर्षं त्यांच्याच गाडीवर कंडक्टर. बिनातिकीट माणूस दाजींना पाठमोरा ओळखू यायचा. तो सापडला की ते घंटी मारायचे, हैबतराव करकचून ब्रेक दाबायचे, आणि आरशातून बघत सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "लाज वाटत नाय फुकट बसायला?" यावर दोघं डेपोपर्यंत हसायचे.

सोबती वर्गणी काढू बघायचे, तर हैबतराव त्यांचे हात मागे सारायचे. अरे फुकट हाय सगळं, ठेवा खिशात! आणि एवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. पण माणसाला एकदा मोठेपणा चढला की जीभ मोकळी सुटते. स्टँडच्या बाकावर बसून ते सुनेचं गाऱ्हाणं सांगायला लागले. पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळे आखायचं काम करते, नगावर पैसे मिळतात, हातात कला आहे, पण हात फार आखडलेला. गेल्या दिवाळीपासून अंगावर नवी साडी नाही. घरात एक वस्तू आणील तर शपथ. एवढं कमावते ते जातं कुठं, असं ते चारचौघांत विचारायचे, आणि चारचौघं माना हलवायचे.

श्रावणातली गोष्ट. पालीहून येताना दुपारी कोलाडला थांबले. हैबतरावांनी गन लावली. मशीन हिरवं व्हायच्या ऐवजी लाल झालं. काढून परत लावली, परत लाल. मागे पुण्याच्या दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या, त्यातला एक उतरून घड्याळ बघायला लागला. सोबतीही उतरून बघायला लागले. मशीनवर लिहिलेल्या नंबरला हैबतरावांनी फोन लावला. इंजिनाशेजारी बसून बसून कान गेलेले, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. पलीकडच्या पोरीनं गाडीचा नंबर विचारला आणि स्वच्छ मराठीत सांगितलं की हे खातं समीक्षा नितेश कडू यांच्या नावे आहे, सवलतीचा महिन्याचा पास चालू आहे, पण खात्यातले पैसे संपलेत. भरले की चार्जिंग सुरू होईल.

आता खरं तर इथंच माणसाला कळायला हवं होतं. कळलंही. पण मागे तिघं ऐकत उभे होते, आणि हैबतरावांनी तोंड वाचवायला जे सगळ्यात जवळ सापडलं ते उचललं. त्यांनी सुनेला फोन लावला.

"पैसे भरायचं भान नाय तुला? चार माणसांत मला असा उभा केलास!"

समीक्षा हळू आवाजात म्हणाली, "माझंच चुकलं, मामा. पाच मिनिटं थांबा, भरते."

पाच नाही, बारा मिनिटं लागली. मग मशीन हिरवं झालं. पुणेवाला गाडीत जाऊन बसला. सोबती चहाचं निमित्त काढून आत गेले. दाजी तेवढे जागचे हलले नाहीत. त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला आणि अगदी पूर्वीच्या, तिकीट विचारायच्या आवाजात म्हणाले,

"हैबत, एवढे दिवस तिकीट कोण काढत होतं आपलं?"

हैबतराव मशीनवरचे आकडे बघत राहिले. घरी आल्यावर समीक्षानं नेहमीसारखा चहा दिला, त्या फोनचा विषयही काढला नाही. ती ओरडली असती तर हैबतरावांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती कामाला गेल्यावर ते एसटीनं पेणला गेले. तिला काय सांगायचं ते रस्ताभर जुळवत होते. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, फळ्यांवर ओळीनं गणपती. दाराशी मैना नावाची बाई पितांबरांना पिवळा रंग देत होती. समीक्षा आत पाठमोरी बसलेली, मांडीवर मूर्ती, हातात बारीक कुंचला. हैबतरावांची नजर मात्र दाराजवळच्या फळीवर अडली. तिथं एक मूर्ती वेगळी काढून ठेवली होती. तिचा उजवा डोळा पूर्ण, झळझळीत. डाव्या जागी नुसता पांढरा रंग.

गिऱ्हाईक समजून मैनानं त्यांना मूर्ती दाखवायला सुरुवात केली. त्यांनी विचारलं, ही अशी का?

"ती समीक्षाची," मैना म्हणाली. "डोळे एका बैठकीत आखायचे असतात. काल एक झाला आणि तिच्या सासऱ्याचा फोन आला, गाडी अडली म्हणून. उठली बिचारी, मालकाकडं उचल मागायला. मालक पूजेला बसलेला, त्याच्या दारात उभी राहिली. परत येऊन बसली तर हात थरथरत होता. मालक म्हणाला, आज नको लावू हात, एखादी रेघ वाकडी जायची."

हैबतरावांनी मान हलवली, किंमत विचारल्यासारखं काहीतरी पुटपुटले आणि बाहेर पडले. सुनेला हाकही मारली नाही. जुळवलेलं सगळं विसरायला झालं होतं. रोह्याची गाडी आली, कंडक्टर जवळ आला, तेव्हा त्यांनी सवलतीचं कार्ड दाखवून अर्धं तिकीट घेतलं आणि ते मुठीत धरून उतरेपर्यंत बसून राहिले. अशी शरम त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी नितेश शिफ्टवरून आला तसं त्याला गाठलं. मला सांगितलं का नाय, म्हणाले. नितेशनं मान खाली घातली. हप्त्यात त्याचा पगार जातो, म्हणून पास आणि चार्जिंग समीक्षा बघते. तो सांगणार होता, पण तिनंच थांबवलं. मामांनी तेलाला कधी खिशात हात घातलेला नाही, म्हणाली, आज पैशाचं सांगितलं तर गाडीला हात लावणार नाहीत, घरात बसून राहतील. चार सोबती घेऊन हिंडतात, हसत घरी येतात, तेवढं राहू दे.

"साडीसाठी तिनं बाजूला काढलेलं ते..." नितेश पुढं बोलायला लागला. हैबतरावांनी हातानंच त्याला गप्प केलं.

मग बाप-लेकानं बसून गाडीचं खातं बदललं. हैबतरावांचा मोबाइल, हैबतरावांची पेन्शन. अक्षरं दिसेनात, तीनदा चुकलं, पण शेवटी जमलं. तिला एवढ्यात सांगू नको, असं त्यांनी बजावलं. घरात, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून चूक कबूल करणं त्यांना सोपं वाटत होतं आणि म्हणूनच ते नको होतं. शिव्या चारचौघांत दिल्या होत्या.

पुढच्या सोमवारी त्यांनी त्याच तिघांना गाडीत घातलं आणि कुठल्याही देवाला न जाता सरळ कोलाड गाठलं. गन लावली. मशीन हिरवं झालं. सोबती चहाकडे वळायला लागले तसं त्यांना थांबवलं. "जरा उभे रहा," म्हणाले, "तुमच्यासमोर एक फोन करायचा हाय." दाजींकडे बघायचं त्यांना धाडस झालं नाही. फोन लावला. स्पीकर चालूच होता.

एक रिंग पुरी वाजली नाही तोवर तिनं उचलला.

"मामा, परत लाल झालं का? थांबा, आलेच, भरते मी," समीक्षा धापा टाकत म्हणाली. मागे कुंचला डब्यात टाकल्याचा आवाज आला, आणि फोन कट झाला.

कुणी कुणाकडे बघेना. हैबतरावांनी परत नंबर लावायला घेतला तर बोट दोनदा भलतीकडेच पडलं. तिसऱ्यांदा लागला.

"उठू नको, गो," ते म्हणाले. "पैसे मी भरलेत. हातात मूर्ती हाय काय?"

"हाय. एक डोळा झालाय."

"मग आधी दुसरा पुरा कर. त्या दिवशी मी चुकलो, ते मला या सगळ्यांच्या समोर सांगायचं हाय. पण आधी तुझं काम होऊ दे. मी फोन धरून थांबतो."

थोड्या वेळानं तिकडून डब्यात कुंचला हलल्याचा आवाज आला. हैबतराव हायवेच्या कडेला फोन छातीशी धरून उभे राहिले, आणि दाजींनी मागच्या दोघांना हातानं खूण केली, कुणी बोलू नका.