जशी आहे तशी गाडी

रंग उडालेल्या, चामडं तडकलेल्या जुन्या स्पोर्ट्स कारला नव्यानं रंगवलेल्या कारपेक्षा जास्त किंमत का मिळावी, यावर आता मला कोणाशी वाद घालायचा नाही. आमच्या घरात तो वाद पुरेसा झाला. जिंकलं कोणीच नाही.

गाडी बाबांची. दोन सीटची, उघडी, विलायती. बाबा कचेरीत कारकून असताना एका जमीनदाराच्या वारसांनी वाटणीत नको म्हणून ती काढली आणि बाबांनी घेतली. सायकलवर कचेरीत जाणाऱ्या माणसानं असली गाडी घ्यावी, यावर अख्खा पारा, म्हणजे आमचा सगळा मोहल्ला, हसला. आई तर हसून थांबली नाही, तिनं आयुष्यभर ऐकवलं. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीत गाडी धड वळेना. लोकांनी ढकलत अंगणात आणली आणि टिनाच्या छपराखाली उभी केली, ती तिथेच राहिली.

"पांढरा हत्ती आणला यायनं," आई म्हणायची. "हत्ती निदान लग्नात तरी कामी येते."

"पाहशील तू एक दिवस," बाबांचं उत्तर ठरलेलं.

मग नवं राज्य झालं आणि रायपूर त्याची राजधानी. मी एका नव्या सरकारी कार्यालयात लागले. टेबल आलं होतं, खुर्ची यायची होती, आणि साहेब दर थोड्या दिवसांनी बदलत होते. दिवसभर फायली लावून घरी आलं की कोणाशी बोलू नये असं वाटे. अशाच एका संध्याकाळी दिल्लीच्या एका शौकीन माणसाचा फोन आला. कोणाकडून तरी त्याला आमच्या गाडीचा फोटो मिळाला होता. रंग, सीट, सगळं कारखान्यातून निघालं तसंच आहे का, हे त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं. मग त्यानं सांगितलेला भाव नीट ऐकायला बाबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. शेवटी तो म्हणाला, "अंकल, जैसी है वैसी रहने दीजिए. कुछ मत कीजिए."

बाबांनी हे आपल्या घरात ऐकतात तसंच ऐकलं. पाहुणा "काही करू नका हो, नुसता चहा" म्हणतो, तेव्हा आपण काय करतो? पोळ्या, दोन भाज्या आणि काहीतरी गोड. खरोखर नुसता चहा पुढे केला तर लोक जन्मभर नावं ठेवतात.

"बाबा, तो मनापासून सांगून राहिला असेल," मी म्हटलं. "तिकडे जुन्या रंगालाच भाव असतो म्हणे."

"तुले काय समजते? मोठा माणूस तोंडानं थोडीच म्हणेल की रंगवून ठेवा? आपण समजून घ्यायचं असते."

"बरोबर आहे त्यायचं," आई म्हणाली. "पोट्टी दाखवतानी तोंड धुऊन, पावडर लावूनच बसवतो न आपण?"

त्या पावडरचे कार्यक्रम माझे बरेच होऊन गेले होते, तेव्हा या विषयावर मी काय बोलणार? शिवाय गाडीवरून दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. बाबांना पैशाचं एवढं नव्हतंच. आईनं एकदा, एकदाच, "तुमचंच खरं होतं" म्हणावं, यासाठी त्यांचा जीव अडकला होता. आणि आई म्हणायच्या बेतात आली होती.

उरला या कारखान्यांच्या वस्तीतून ट्रक रंगवणारा बोलावला. "हव बाबूजी, नई कर दूँगा," म्हणाला आणि शब्दाला जागला. जुना विटका हिरवा घासून काढून त्यानं पोपटी चढवला. ट्रकची सवय, म्हणून दोन्ही दारांवर पिवळी वेलही काढून दिली. बाबा खुर्ची टाकून समोर बसून राहिले. गल्लीतली माणसं येऊन पाहून गेली आणि कोणी हसलं नाही. आईनं गाडीला हळदकुंकू लावलं.

दिल्लीचे गृहस्थ आले आणि अंगणातच थबकले. जवळ जाऊन दाराच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"अंकल, ये क्या कर दिया?"

"आपके लिए ही करवाया," बाबा अजून हसत होते.

माणूस वाईट नव्हता. त्यानं शांतपणे समजावलं की रंग कितीही वेळा देता येतो, पहिला रंग मात्र एकदाच असतो. आईच्या आग्रहाखातर त्यानं पोहे खाल्ले, बाबांना वाकून नमस्कार केला आणि गेला. भावाचा विषय त्यानं काढला नाही आणि आम्हीही काढला नाही.

त्याचं म्हणणं मला पटलं, ही खरी पंचाईत. गेलेली मूळ वस्तू परत आणता येत नाही, म्हणून ती महाग. पण म्हणजे जी कोणी वापरली नाही, जिच्यातून कोणी कुठे गेलं नाही, ती सगळ्यात मोलाची? आमच्या स्वयंपाकघरातली परात घासून घासून पातळ झाली, तिला भंगारवाला विचारत नाही. हेही मला पटत नाही. दोन्हीकडून विचार करून करून मी कंटाळले आहे.

त्या दिवशी तो गेल्यावर, आता आई टोमणा मारेल म्हणून मी अंगणातच उभी राहिले. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि सरळ गाडीपाशी गेली.

"अहो, आता तर हे कोणी घेत नाही न? मग मले बसू द्या एकदा."

इतक्या वर्षांत आई त्या गाडीत एकदाही बसली नव्हती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तिनं दाराला हात घातला होता. लुगडंही थोडं वर खोचलं होतं. बाबांनी वाकून आत पाहिलं. रंगाऱ्यानं आतल्या कशालाच हात लावलेला नव्हता.

"राहू दे," बाबा म्हणाले. "सीट अजून असली आहे, कारखान्यातली."

आईनं हात काढून घेतला. पोह्यांच्या बशा गोळा करून ती आत गेली, आणि पुन्हा तिनं कधी विचारलं नाही.