आधी सुतळी, मगे पत्र

बिघडलेल्या वस्तूवर माझ्या बायकोच्या धाकट्या मामांइतकं प्रेम या पृथ्वीतलावर दुसऱ्या कोणी केलं असेल, असं मला वाटत नाही. धडधाकट चालणारी वस्तू त्यांना बघवायचीच नाही. घरात नवा मिक्सर आला की दोन दिवस ते त्याच्याकडे संशयाने बघत बसायचे, आणि तिसऱ्या दिवशी त्याने खर्रर्र केलं रे केलं की चेहरा असा फुलायचा, जसं काही भाचीचं लग्न ठरलं! उभा जन्म बोटीवर, इंजिनरूममध्ये फिटर म्हणून काढलेला माणूस. निवृत्त होऊन तारकर्लीला माडांत येऊन राहिला, पण इंजिनरूम काही अंगातून गेली नाही. बिघाड वहीत लिहायचा, त्यावर तेवढ्यापुरता इलाज करायचा आणि ज्याने वस्तू घडवली त्याला कळवायचं, हा बोटीवरचा शिरस्ता त्यांनी घरात चालू ठेवला होता. "मधल्या दर्यात पंप बंद पडलो तर कंपनीक पत्र धाडून गप बसशात? आधी सुतळी, मगे पत्र!" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. छत्रीची मोडलेली काडी सुतळीने बांधून ती छत्री त्यांनी सात पावसाळे वापरली, आणि सातही पावसाळे छत्रीवाल्याला न चुकता पत्र धाडलं. उत्तर एकाचंही आलं नाही. त्या बिचाऱ्याने धंदा बदलला असेल असं मला वाटतं.

अशा माणसाच्या घरी दोन हजार चारच्या सुमाराला संगणक आला. मुंबईच्या पुतण्याने नवा घेतला आणि जुना काकाला धाडून दिला. त्यातली विकतची सिस्टिम मामांनी महिन्याभरात काढून टाकली. ती बिघडायची नाही असं नव्हतं, भरपूर बिघडायची. पण "हेचो कर्तो खंय ऱ्हवता ता कोण सांगीना. मगे गाऱ्हाणा घालूचा कोणासमोर?" मग एका मासिकाबरोबर फुकट आलेली लिनक्सची सीडी त्यांनी आत घातली आणि मामांना स्वर्गच सापडला. इथे प्रत्येक प्रोग्रॅमला करणारा माणूस होता, माणसाला नाव होतं, नावाला पत्ता होता, आणि वर 'काही चुकलं तर जरूर कळवा' असं त्याने आपणहून लिहून ठेवलं होतं! ते मामांनी मला तीनदा वाचून दाखवलं. सात पावसाळ्यांचं दुःख हो, दुसरं काय!

आणि कळवण्यासारखं काही कमी नव्हतं. प्रिंटर छापायला सांगितलेलं पहिलं पान गिळायचा, म्हणून मामा त्याला आधी एक कोरं पान चारायचे. त्या कोऱ्या कागदांत मामी शेजारणींना तळलेले बांगडे बांधून द्यायची. सीडीचा खण बंद असला की पडद्यावरचा बाण गायब व्हायचा, म्हणून खण कायम जीभ काढल्यासारखा बाहेर. त्यावर मामीने आपला केसात माळायचा अबोलीचा वळेसर ठेवायला सुरुवात केली. एक बग, म्हणजे प्रोग्रॅममधला बिघाड, मात्र मामांनी वर्षभर कळवलाच नाही. संगणकातलं घड्याळ साडेपाच तास मागे पडायचं, म्हणजे विलायतेची वेळ दाखवायचं. बोटीवर याच वेळेवर तीस वर्षं काढलेली, त्यामुळे मामांना वाटलं की या एवढ्या घरात हे एकच घड्याळ बरोबर आहे. त्यांनी मला निरोप धाडला, "आयतवारी साडेसातांक जेवूक येवा, सुरमय आसा." मी मालवणहून संध्याकाळी साडेसातला नटूनथटून हजर! मामा दुपारी एकपासून माझी वाट बघून रागावून झोपले होते आणि मामी म्हणाली, "तुमची तुकडी मांजरान खाल्ल्यान." त्या दिवशी आमटीभात जेवून परतलो. घड्याळाचा बग वहीत चढला तो माझ्या बायकोने मामाला फैलावर घेतल्यानंतर.

घरी इंटरनेट नव्हतं. दर मंगळवारी मामा वही काखेत मारून एसटीने मालवणच्या सायबर कॅफेत यायचे आणि मला कचेरीतून सुट्टी काढायला लावून शेजारी बसवायचे. त्यांचं पत्र इंग्रजीत असायचं, पण त्याचा घाट अस्सल आमच्या देवळातल्या गाऱ्हाण्याचा. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे देवासमोर गावच्या वतीने एक मानकरी खड्या आवाजात मागणं मागतो. आधी सगळ्या देवांना हाक, मग आपल्या चुकांची कबुली, मग अडचण काय ती, आणि प्रत्येक मागण्याला गाव हात जोडून म्हणतं, "व्हय म्हाराजा!" मामांच्या पत्रातही आधी सर्व ज्ञात-अज्ञात प्रोग्रॅमरांना वंदन, मग 'माझ्याच हातून भलती कळ दाबली गेली असल्यास क्षमा असावी', आणि मग तक्रार. एकदा उत्तर आलं की हा बग आधीच कोणीतरी कळवलाय, म्हणून तुमचा बंद करतो. मला वाटलं, मामा खट्टू होणार. कसलं काय! कॅफेतल्या सगळ्यांना चहा पाजला. "जावयानू, म्हंजे जगात आनी एक मनीस आसा जेचा ह्याच दुखता!"

या सगळ्याला आम्ही हसायचो. मग एके दिवशी मामांच्या थोरल्या भावाच्या गळ्यात गाठ निघाली आणि आमचं हसू पळालं.

थोरले मामा म्हणजे गावच्या गाऱ्हाण्याचे मानकरी. काय आवाज होता! देवळात उभे राहिले की माडावरचे कावळे उडायचे. डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांनी ऑपरेशन करू, माणूस वाचेल, आवाजाचं सांगता येत नाही. गाऱ्हाणं कुठे लिहिलेलं नव्हतं. बापाच्या तोंडून मुलाने उचलायचं, अशी रीत. थोरल्यांचा मुलगा मुंबईला नोकरीत, संगणक धाडला तोच, आणि त्याला गाऱ्हाण्यातलं येत होतं काय, तर 'व्हय म्हाराजा'! आवाज गेला की गावचं गाऱ्हाणंही गेलं. धाकटे मामा म्हणाले, "मी भरून घेतंय संगणकात."

थोरले ऐकेनात. "गाऱ्हाणा म्हंजे काय खेळ? कारण व्हया. आनी सवताच्या गळ्यासाठी मी मागूचंय नाय."

"मगे माज्या संगणकासाठी माग," धाकटे म्हणाले. "तो काय कमी आजारी आसा?"

हे कारण मात्र थोरल्यांना पटलं. संगणकासमोर नारळ-विडा ठेवला, आम्ही सगळे हात जोडून उभे राहिलो, आणि थोरल्यांनी अठरा मिनिटं असं गाऱ्हाणं घातलं की अंगावर काटा आला. मामांनी साठवायची कळ दाबली आणि रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम आवाजासकट नाहीसा झाला. थोरल्यांचा गळा सुजला, दोन दिवस पाणीही उतरेना. मामांनी माझ्यादेखत संगणकाकडे पाठ केली आणि डोळे पुसले. बिघाडावर रडताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो.

दुसऱ्या दिवसापासून मामांनी त्या प्रोग्रॅमचा पिच्छा पुरवला. त्याच्यासमोर वर्तमानपत्र वाचलं, भरती-ओहोटीचं कोष्टक वाचलं, एसटीचं वेळापत्रक तर कणकवली ते देवगड तीनदा म्हटलं. दर वेळी वीस मिनिटं, आणि दर वेळी सगळं अगदी सुरेख भरलं जायचं! बग लपून बसला होता. ऑपरेशनला तीन दिवस उरले. तिन्हीसांजेला मामी तुळशीपुढे हात जोडून उभी होती. मामा तिच्याकडे बघत राहिले आणि ओरडले, "गावलो! हात, गो, हात!" मामीला वाटलं, साप निघाला. इंजिनवाल्या माणसाचा हात सवयीने सतत माउसवर, त्यामुळे संगणक जागा राहायचा. पण गाऱ्हाण्याला सगळ्यांचेच हात जोडलेले! दहा मिनिटं माउस हलला नाही की पडदा काळा व्हायचा, आणि पडद्याबरोबर रेकॉर्डिंगही आतल्या आत गतप्राण, कळायचं ते साठवायला गेल्यावर. पडदा काळा होऊ नये अशी सोय होती म्हणा, पण ती टिकायची नाही. तो वहीतला सव्विसावा बग.

आता प्रश्न आला, माउस हलवणार कोण? "देवाचा नाव चालू असताना मी हात सोडूचंय नाय," मामी म्हणाली. मी जावई माणूस, कशाला विषाची परीक्षा घ्या! मग मामा उठले, माळ्यावरून सुतळी आणली, तिचं एक टोक माउसला बांधलं, दुसरं आपल्या पायाच्या अंगठ्याला, आणि हात जोडून उभे राहिले. अंगठा डावीकडे, अंगठा उजवीकडे. माझी बायको तोंडात पदर कोंबून पडवीत पळाली.

"देवासमोर पाय हलवतंस?" थोरले कडाडले.

"आधी सुतळी," मामा शांतपणे म्हणाले.

थोरल्यांनी डोळे मिटले. आवाज बसका होता, पण चढत गेला. "बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान आज तुज्यासमोर संगणक मांडल्यान हा, तेचा काय बिघडला आसात ता सुरळीत कर म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "साता समुद्रापलीकडे बसान जी पोरां ह्या घडवतत, तेंका सुखात ठेव म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" पुढे नेहमीचं गावाचं, दर्याचं, गुराढोरांचं सगळं आलं आणि शेवटी, "आनी माज्या धाकट्या भावाचो पाय तुज्यासमोर हललो, ता लेकराचा चुकला म्हणान पदरात घे म्हाराजा!" आम्ही हसत आणि रडत "व्हय म्हाराजा" म्हटलं. या वेळी सगळं भरलं गेलं, एकूण एक शब्द.

ऑपरेशन झालं. थोरले वाचले, आवाज गेला. मामांनी बग कळवला, तेव्हा परदेशातल्या कुठल्याशा मुलाने उत्तर दिलं की माझ्याकडे असं होत नाही. मामांनी त्याला एकेक पायरी लिहून धाडली. त्यातली चौथी पायरी अशी: 'दोन्ही हात जोडावेत आणि दहा मिनिटं सोडू नयेत.' पंधरा दिवसांनी त्याचं पत्र आलं. तो खरंच हात जोडून बसला होता, आणि त्याचाही प्रोग्रॅम मेला होता! पुढच्या आवृत्तीत बग गेला. मामांनी ते पत्र छापून भिंतीला लावलं. आधी कोरं पान चारून, अर्थात.

पुढच्या जत्रेला थोरल्यांचा मुलगा देवळात उभा राहिला. वर्षभर त्या रेकॉर्डिंगची सीडी ऐकून त्याने गाऱ्हाणं घोटून घोटून पाठ केलं होतं. संगणकाचा भाग गाळ, असं त्याला बजावलेलं. तो त्याने गाळला. बापाचाच आवाज, बापाचीच फेक. थोरले समोर बसून नुसते ओठ हलवत होते. आणि शेवटी भरल्या देवळात तो पठ्ठ्या ओघात खडखडीत म्हणाला, "माज्या धाकट्या भावाचो पाय तुज्यासमोर हललो, ता पदरात घे म्हाराजा!" त्याला मुळात धाकटा भाऊच नाही! पण अख्ख्या गावाने हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हटलं. थोरले आवाज नसलेलं हसू हसत होते, गालांवरून पाणी ओघळत होतं. मी मामांच्या कानाला लागलो, "मामा, वहीत लिहायचा ना?"

"ह्यो बग कळवूचो नाय, जावयानू," मामा म्हणाले. "कोणाकच."

आज मामा नाहीत. त्यांची वही माझ्या कपाटात आहे, सुतळीचा तो तुकडा तिच्यातच खुणेला ठेवलेला. गाऱ्हाण्यातलं ते पायाचं वाक्य मात्र अजून आहे. आता पुतण्याचा मुलगा गाऱ्हाणं शिकतोय, तोही ते म्हणतो. कोणाचा भाऊ, कसला पाय, हे नव्या पोरांना ठाऊक नाही. जुनं काहीतरी असेल म्हणून हात जोडतात. दरवर्षी सगळं गाव माझ्या मामांच्या पायासाठी देवाकडे क्षमा मागतं, आणि त्या गर्दीत मी सगळ्यांत मोठ्याने म्हणतो, "व्हय म्हाराजा!"