झाडं आणायला गेलेले मिस्त्री

आमच्या सॉ मिलच्या मिस्त्रींइतका लाकूड कळणारा आणि लाकडाचा धंदा न कळणारा माणूस अख्ख्या मावळात दुसरा झाला नाही. करवत त्यांच्या हातात आणि ओंडके मापायला मी, म्हणून हे छातीठोकपणे सांगतो. दिवस साठ सालच्या आसपासचे. लोणावळ्यात मुंबईकरांचे बंगले उठत होते आणि त्यांच्या दारं-खिडक्यांचं लाकूड रेल्वे लाइनीकाठच्या आमच्या एवढ्याशा गावात कापलं जाई. लाकूड कापायच्या तीन गिरण्या, दोन हॉटेलं आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यातला भुसा आधी झाडून मग कात्री चालवणारा एक न्हावी. भुसा चहातसुद्धा सापडायचा. पाहुण्यांनी तक्रार केली तर आम्ही त्याला वेलदोडा म्हणायचो.

मिस्त्री कुणाकडे गेले की दारावर टकटक करीत आणि दार उघडलं तरी थांबत नसत. कान लावून चौकट वाजवतच राहत. "आंबा हाय. परंदवडीकडचा," असा निकाल लागला की मग घरच्यांना "बरं हाय न्हवं?" विचारत. पुतण्यासाठी मुलगी बघायला मला घेऊन वराळ्याला गेले, तेव्हा पोह्यांची बशी हातात धरून तुळईकडेच बघत बसले. मुलगी येऊन, नमस्कार करून आत गेली, तरी यांची मान वरच. परतताना मी विचारलं, "आबा, मुलगी कशी वाटली?"

"पोरीचं काय ते तुमी सांगा. तुळई ऐनाच्या लाकडाची हाय, घर खोटं न्हाई."

एवढ्यावर लग्न ठरलं, आणि सुनेनंही त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही.

पुढे जंगलातला माल परवान्यांत अडकला. पवनेच्या धरणात जाणाऱ्या गावांतली झाडं आली तेव्हा काही काळ करवतीला उसंत नव्हती, पण तो दिवा विझण्याआधी मोठा झाला होता. दोन गिरण्या बंद पडल्या. तेव्हा आमच्या शेठनी मिस्त्रींना बांधावरची झाडं विकत आणायला खेड्यांवर धाडलं. "माल आला तर गिरणी, नाहीतर कुलूप," असं स्पष्ट बजावून.

मिस्त्री सायकलवर टांग मारून जायचे. शेतकरी विकायला तयार असायचा. मिस्त्री बुंध्यावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "आत्ताच कशापायी तोडतायसा? आजून धा वर्सं ठिवा, मंग बगा लाकूड!" आपल्या झाडाची एवढी तारीफ ऐकून शेतकरी बेत बदलायचा, वर यांना जेवू घालायचा. पवनानगरकडच्या एका मावशीनं स्वतः बोलावून जांभूळ दाखवलं, तर हे पिशवीभर जांभळं घेऊन परत!

"झाड कुठंय?" शेठ ओरडले.

"शेठ, झाड लय चांगलं हाय."

"मग आणलं का नाही?"

"चांगलं हाय म्हनूनच."

"आणि वाईट झाडं?"

"ती आनली तर करवतीला लाज वाटंल."

शेठनी कपाळाला हात लावला आणि दोन महिन्यांनी गिरणीला कुलूप. चौदा माणसं घरी बसली, त्यांत मीही. त्याच आठवड्यात मिस्त्री माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"भाऊ, तुमची नोकरी माज्यापायी गेली."

"नाही हो आबा, मालच संपला होता," मी वरवर म्हणालो.

"संपला न्हवता. म्याच आनला न्हाई. हातच धजंना."

खोटं कशाला सांगू, मला राग आला होता. घरात दोन पोरं होती. मी दारातून बाजूला झालो नाही. ते जरा वेळ उंबऱ्याबाहेर थांबले आणि निघून गेले. पुढे मला पुण्यात काम मिळालं. मिस्त्री वारल्याचं मला कळलं तेही तीन महिन्यांनी. ते दारात आले त्या दिवशी मी त्यांना नुसतं "आत या, बसा" एवढं तरी म्हणायला हवं होतं.