सड्याखालची सोयरीक

आमच्या कारभारणीला नवा माणूस दिसला की ती आधी त्याचं लग्न झालंय का ते विचारायची, मग नाव. एस.टी.चा कंडक्टर, दवाखान्यातला डॉक्टर, म्हशींना सुई टोचायला येणारा, कुणी सुटला नाही. गाव तिला सोयरीकवाली मावशी म्हणायचं. मी म्हणायचो, "आधी स्वतःचं काय जुळलंय ते बघ." ती म्हणायची, "ते बघूनच दुसऱ्यांचं नीट जुळवायला लागले."

तिची एक रीत होती. स्थळ बघायला गेली की हात धुवायचं निमित्त काढून घरामागच्या परड्यात जायची आणि पाणी कुठून येतं ते बघायची. "नवरा कसाबी असूदे, सरळ करता येतोय," म्हणायची. "पाणी लांबनं वाहून मान मोडली की ती सरळ हुईत न्हाय." पाण्याच्या बाबतीत आमचं गाव श्रीमंत. राधानगरीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सपाट माथ्याखाली. त्या माथ्याला आम्ही सडा म्हणतो. पावसाळाभर सडा पाणी पितो आणि वर्षभर खाली झऱ्यातून सोडतो. माणसं, भात, म्हशी, सगळं त्या झऱ्यावर.

नव्वद सालानंतर कधीतरी एक कंपनी हा सडा खणायला आली. त्याच्या तांबड्या दगडात बॉक्साइट असतं, त्याचं अ‍ॅल्युमिनियम करतात म्हणे. जीपमधून साहेब उतरला. कारभारणीनं विचारलं, "पावणं, लगीन झालंय?" झालं होतं. तिचा त्याच्यातला रस तिथंच संपला.

पण साहेबानं पोरांना नोकऱ्या कबूल केल्या आणि सरपंचांची मान डोलायला लागली. ग्रामसभेत ठराव करून सडा द्यायचा, असं जवळजवळ ठरलं. कारभारीण दारोदार सांगत फिरली, सडा खणला की झरा गेला. सरपंच म्हणाले, "मावशी, तुमी आपली लगनं जुळवा."

"बरं," म्हणाली.

ती बरं म्हणाली की मला धास्ती वाटायची.

सरपंचांच्या पोराचं लग्न रखडलं होतं. नाकाचा शेंडा लाल आणि बोलणं नाही, असलं ते पोरगं. कारभारणीनं पलीकडच्या डोंगराखालच्या गावातलं स्थळ काढलं. आम्ही बापलेकाला घेऊन गेलो. घर चांगलं, माणसं तालेवार. पोरगी पाण्याचे पेले घेऊन आली, तर पेले अर्धेच. सरपंच घटाघटा प्याले आणि म्हणाले, "आजून आणा की."

पोरीचा बाप खाली बघत म्हणाला, "टँकर उद्या येतोय, पावणं."

कारभारीण भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसली. एवढ्या वर्षांत तिला कॅलेंडर बघताना मी पहिल्यांदाच बघितलं.

पोरीला नाव विचारलं, स्वयंपाक विचारला. मग रीतीप्रमाणं सरपंच म्हणाले, "तुला काय इचारायचं असंल तर इचार, बाळ."

"तुमच्यात पाणी कुठनं येतंय?"

सरपंच छाती काढून म्हणाले, "सड्यावरनं. झरा हाय आमचा. भर उन्हाळ्यात आटत न्हाय."

"आमचाबी आटत नव्हता," पोरगी म्हणाली. "मग सडा खणला. तुमचा हाय न्हवं अजून?"

सरपंचांच्या हातातला पोह्यांचा चमचा बशीत गेला तो वर आलाच नाही. लाल नाकाचं पोरगं मात्र पहिल्यांदाच बोललं, "हाय. हाय की."

परतताना सरपंच म्हणाले, "मावशी, तुमाला ठावं हुतं."

"काय? पोरगी चांगली हाय ते? व्हय."

चार दिवसांत पोरीकडून निरोप आला. मुलगा पसंत, पण सडा दिला तर सोयरीक मोडली. ग्रामसभेत सरपंच उठले, घसा खाकरला, समोर बसलेल्या पोराकडं बघितलं. ते पापणी हलवेना. "सडा द्यायचा न्हाय," सरपंच म्हणाले आणि खाली बसले. साहेब गोंधळला. "अहो, गेल्या आठवड्यात तर हो म्हणालात."

मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, गेल्या आठवड्यात पोरगी बघितली नव्हती."

सभा हसत सुटली. पण त्या हसण्यातच नोकरीच्या आशेवर बसलेल्या पोरांचे हातही वर झाले, सडा न देण्यासाठी. कंपनीनं आणखी काही चकरा मारल्या. दर वेळी सरपंचांच्या आधी त्यांची सूनच दारात येऊन उभी राहायची. शेवटी जीप यायची बंद झाली.

कारभारीण गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. कोल्हापूरला दवाखान्यात होती. बाटलीतलं पाणी तोंडाला लावलं की तोंड फिरवायची, "मेलेलं पाणी हाय." मी पहाटेच्या एस.टी.नं गावी गेलो, झऱ्याचं पाणी कळशीत भरलं, कळशीच्या तोंडाला फडकं बांधलं आणि मांडीवर धरून परत आलो. निम्मं पाणी माझ्या धोतरात सांडलं. नर्स ओरडली, मी ऐकलं नाही. चमच्यानं पाजलं. दोन चमचे प्याली, डोळे मिटले आणि म्हणाली, "कळशी घासली न्हाईसा."

त्यानंतर काही बोलली नाही.

झरा अजून आहे. घरात नळ आला, तरी सकाळी मी जातो. आधी राखेनं कळशी घासतो, आतून, बाहेरून, काठाखालून. मग भरतो.