मुंडकं कापलेले फोटो

खाटेवर पसरलेली साडी आजारी माणसासारखी दिसते, हे मला पहिल्या चार फोटोंतच कळलं. जुन्या वस्तू विकायच्या त्या ॲपवर आठवडाभर कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग मी साडी नेसूनच फोटो काढू लागले. धानाच्या कोठीला फोन टेकवायचा, दहा सेकंदांचा टायमर लावायचा, पळत जाऊन भिंतीशी उभं राहायचं. एक हात कमरेवर, दुसऱ्यात जुनी पर्स. नंतर मानेवरचं सगळं कापून टाकायचं. नाव खोटं, गाव नुसतं गोंदिया जिल्हा. बावन्न वर्षांची बाई मी, आणि मुंडकं उडवलं की आपण कुणाला दिसत नाही असं समजत होते. मांजर निदान डोळे मिटून दूध पितं. मी तर डोळेच कापून टाकले होते.

माल भरपूर होता. आमच्याकडे लग्नात, बारशात, तेरवीत साडी येते आणि साडी जाते. माझ्या आलमारीचं दार गुडघा लावल्याशिवाय लागत नव्हतं. त्यातली एक हिरवी, जांभळ्या काठाची, लेकीच्या लग्नात विहीणबाईंनी दिलेली. एकदाच नेसले होते; माझ्या अंगावर ती शेवाळासारखी दिसे. बालाघाटच्या एका बाईने ती घेतली. शुक्रवारी सकाळी आमगावच्या कुरिअरवाल्याकडे पार्सल दिलं, घरी येऊन चहा टाकला, तोच विहीणबाईंचा फोन. लेक बाळंतपणाला माझ्याकडेच होती, रविवारी नातवाचं बारसं. किती माणसं येणार ते सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "अन् मी देल्ली ते हिरवी साडी नेसजा. फोटोत तुमाले चांगली दिसते."

मी हो म्हटलं आणि चहा उतू गेला.

आपण दिलेली साडी तिसऱ्याच बाईच्या अंगावर पाहिली, म्हणून याच बाईने सख्ख्या बहिणीशी बोलणं टाकलं होतं. नजर अशी, की सोयरिकीच्या बैठकीत मी पोह्यांची प्लेट पुढे केली तर तिने आधी माझ्या मनगटावरचं गोंदण पाहिलं आणि विंचवाची नांगी वाकडी काऊन, असं विचारलं. (नऊ वर्षांची असताना गोंदवून घेताना मी हात ओढला होता.) त्या घरात माझी लेक सव्वा महिन्याने परत जाणार होती. मला बोलल्या असत्या तर मी पचवलं असतं. पण टोमणे लेकीच्या ताटात पडले असते, रोज, भाताबरोबर.

कुरिअरवाल्याने सांगितलं, पोतं गोंदियाला गेलं. बारशाचं सामान आणते असं लेकीला सांगून मी पॅसेंजर धरली. गोंदियाच्या ऑफिसात एक माणूस पोत्यांची तोंडं शिवून राहिला होता. बुकिंग झाली म्हणजे झाली, असं त्याने हिंदीत ऐकवलं. चारला गाडी निघणार. साडेतीन वाजले होते. खरं सांगायची हिंमत नव्हती.

"भैया, उसमें मेरे आदमी की बीपी की गोली चली गई."

त्याची सुई थांबली. आमचे हे त्या वेळी ठणठणीत, घरी म्हशीला पाणी दाखवत असतील. पोतं उसवलं, पार्सल फोडलं, साडी झटकली. गोळी कुठली निघणार. तो माझ्याकडे बघत राहिला. मी साडी छातीशी धरली आणि म्हटलं, घरीच राहिली असेल मग. बालाघाटच्या बाईला, साडी उंदराने कुरतडली, असं कळवून पैसे परत केले. एका दिवसात नवऱ्याला आजार लावला आणि घरात उंदीर सोडला.

रविवारी ते शेवाळ नेसून मी दारात उभी. विहीणबाई उतरल्या त्या काखेत गच्च भरलेली लाल पिशवी घेऊन, तोंड सुतळीने बांधलेलं. घ्यायला हात पुढे केला, तर दिली नाही. पाळण्याशी बसल्या तेव्हाही पिशवी मांडीला लागून. बाळाचा आहेर निघाला तो दुसऱ्याच पिशवीतून. मग हिच्यात काय? मला वाटलं, लग्नात मी दिलेलं सगळं परत करायला आणलं. नाव ठेवलं, बायांनी गाणी म्हटली. माझ्या कानात काही शिरलं नाही.

पंगतीत त्यांच्या ताटात भात वाढताना त्यांनी माझं मनगट धरलं. अंगठा विंचवावर ठेवला. आवाज खाली करून म्हणाल्या, "मुंडकं कापलं तं विंचूबी कापाचा होता, विहीणबाई."

भाताचा डाव माझ्या हातात तसाच राहिला. समोर बाळ घेऊन बसलेल्या लेकीने विचारलं, काय झालं.

"काई नाई," विहीणबाई म्हणाल्या. "तुही आई आग्रह करून रायली."

जेवणं झाल्यावर हात धुवायच्या निमित्ताने त्या मागच्या अंगणात आल्या. लाल पिशवी माझ्या पायाशी ठेवली आणि सुतळी सोडली. आत साड्याच साड्या, घडी न मोडलेल्या; वर एक रेक्झिनची पर्स.

"हे माह्या नणदाईनं देल्लेल्या. माह्या घरी फोटो काढाची सोय नाई, सारे पाहून रायतेत. तुमीच काढा." मग जाता जाता, "पोरीले सांगू नोका."

मग बहिणीशी बोलणं का टाकलं, तेवढं मी विचारलं नाही.

त्या साड्यांचे फोटो मी भर उन्हाळ्यात, मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाउज घालून काढले. सगळ्या गेल्या. हिरवी मात्र अजून माझ्याकडेच आहे. घरातल्या प्रत्येक कार्याला विहीणबाई आधी फोन करतात, आणि मी ती निमूटपणे नेसते.